शिकविणाऱ्या वैद्यांचा व्यासंग

भायखळ्याच्या सर ज. जी. रुग्णालयाच्या आवारात सकाळी नऊच्या सुमारास उभे राहिले म्हणजे एकाच माणसाला तीन ठिकाणी असावे लागते, हे कोणाच्याही ध्यानात येईल. बाह्यरुग्ण विभागापुढे केसपेपर हातात धरलेल्यांची रांग लागलेली असते. वॉर्डात रात्रीच्या पाळीतील निवासी डॉक्टर राउंडसाठी वरिष्ठांची वाट पाहत असतात. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या व्याख्यानगृहात विद्यार्थी वह्या उघडून बसलेले असतात. या तिन्ही ठिकाणी ज्याची वाट पाहिली जाते तो माणूस एकच असतो. रुग्णांच्या दृष्टीने तो डॉक्टर, सरकारच्या दृष्टीने सहयोगी प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ‘सर’ किंवा ‘मॅडम’. सुमारे साडेतेराशे खाटांच्या या रुग्णालयात त्याचा दिवस कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे त्याच्या घरच्या मंडळींनाही सांगता येत नाही.

अशा माणसाकडून आणखी एका गोष्टीची अपेक्षा करावी काय, हा आजच्या लेखाचा प्रश्न आहे. ही अपेक्षा अशी की, त्याने केवळ शिकवू नये. आपण जे शिकवितो ते विद्यार्थ्यांच्या पदरात पडते किंवा नाही याची शास्त्रीय कसोटीवर चौकशी करावी, आणि तिचा निष्कर्ष इतर शिक्षकांपुढे मांडावा. आजवर वैद्यक हा व्यासंगाचा विषय मानला गेला. वैद्यक शिकविणे हा मात्र अंगच्या गुणाचा किंवा सवयीचा भाग समजला गेला. उत्तम शल्यचिकित्सक उत्तम शिक्षक असणारच, हे आपण गृहीत धरून चालतो. वास्तविक या दोन गोष्टींचा संबंध उत्तम गायक आणि उत्तम गुरू यांच्यातील संबंधाइतकाच अनिश्चित आहे.

या बाबतीत आपल्याकडील एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. तिसरीच्या वर्गाला गणित शिकविण्यासाठी शिक्षकाला अध्यापनशास्त्राची पदविका घ्यावी लागते. बी. एड्.च्या विद्यार्थ्याला ‘कृतिसंशोधन’ हा शब्द पाठ असतो. वर्गातील मुले हातच्याची वजाबाकी का चुकवितात याचा शोध घ्यावा, उपाय योजावा, त्याचा परिणाम पाहावा आणि अहवाल लिहावा, असे त्याला शिकविलेले असते. तो अहवाल पुष्कळदा उपचार म्हणून लिहिला जातो हे खरे; परंतु निदान तत्त्व तरी मान्य झालेले आहे. उलट, माणसाच्या जिवाशी ज्यांची गाठ पडणार आहे अशा तरुणांना शिकविणारा प्राध्यापक एम. डी. किंवा एम. एस. झाला की दुसऱ्या दिवसापासून शिकवू लागतो. आपल्याला आपल्या सरांनी जसे शिकविले तसेच तो पुढे शिकवितो. या परंपरेत थोर शिक्षकांचे गुण जसे उतरतात, तसे त्यांचे दोषही उतरतात.

चौकशीतून जन्मलेले महाविद्यालय

अध्यापनाची चौकशी ही कल्पना परदेशातून नुकतीच आली असे मानण्याचे मात्र कारण नाही. भायखळ्याचे हे महाविद्यालयच मुळी अशा एका चौकशीतून जन्माला आलेले आहे. मुंबईत १८२६ साली एतद्देशीयांसाठी एक वैद्यकीय शाळा निघाली होती. डॉ. जॉन मॅक्लेनन तिचे प्रमुख होते. सहा वर्षांत, १८३२ साली, ती सरकारने बंद केली. हे लोक वैद्यक शिकू शकणार नाहीत असा सोयीचा निष्कर्ष त्यावरून काढणारे अधिकारी पुष्कळ होते. १८३५ साली गव्हर्नर होऊन आलेल्या सर रॉबर्ट ग्रँट यांनी मात्र तो स्वीकारला नाही. मुंबईच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीने त्यांच्या प्रेरणेने जिल्ह्याजिल्ह्यांतून प्रश्नावली पाठवून माहिती गोळा केली. वैद्य-हकीम कोण आहेत, ते काय शिकतात, कसे शिकतात, याची ती पाहणी होती. या कामात डॉ. चार्ल्स मोरहेड अग्रभागी होते. पूर्वीचा प्रयोग का फसला आणि नवा कशा पायावर उभारावा, याचा विचार करून नव्या महाविद्यालयाची योजना आखण्यात आली.

ग्रँटसाहेब १८३८ साली दापोडी येथे निवर्तले. जमशेटजी जिजीभाई यांनी रुग्णालयासाठी लाखाची देणगी देऊ केली. १८४३ साली इमारतींचा पाया घातला गेला आणि १८४५ साली अध्यापन सुरू झाले. पुस्तकातील रोग आणि खाटेवरील रोगी यांची विद्यार्थ्याच्या मनात सांगड पडली पाहिजे, यासाठी महाविद्यालयाला लागूनच रुग्णालय असावे, हा या योजनेचा प्राण होता. १८५१ साली पहिले आठ पदवीधर बाहेर पडले. त्यांत भाऊ दाजी लाड होते, आत्माराम पांडुरंग होते, अनंत चंद्रोबा होते. मोरहेड यांनी याच रुग्णालयातील रुग्णांच्या नोंदींच्या आधारे हिंदुस्थानातील रोगांवर दोन खंडांचा ग्रंथ लिहून १८५६ साली प्रसिद्ध केला. रुग्णसेवा, अध्यापन आणि व्यासंग यांचा त्रिवेणी संगम ही भायखळ्याची कुळकथा आहे.

पुढेही ही परंपरा खंडित झाली नाही. ग्रे यांच्या जगप्रसिद्ध शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथातील चित्रे काढणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर तो ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, १८५८ साली, मुंबईस आले. त्यांनी येथे शरीररचनाशास्त्र शिकविले आणि ते पुढे या महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले. अनवाणी शेतकऱ्यांच्या पायांना होणाऱ्या बुरशीजन्य रोगावरील त्यांचा ग्रंथ १८७४ सालचा आहे, तर उलटून येणाऱ्या तापावरील १८८२ सालचा. विसाव्या शतकात वि. ना. शिरोडकर यांनी वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांसाठी शोधलेला टाका १९५५ साली प्रसिद्ध झाला. तो आजही जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया १९९० साली याच रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी करून दाखविली. ही सर्व मंडळी आपल्या काळातील अत्यंत व्यग्र वैद्य होती आणि सर्वजण विद्यार्थ्यांना शिकवीत होती.

रोगाचा अभ्यास आणि अध्यापनाचा अभ्यास

तथापि एक फरक लक्षात घेतला पाहिजे. या थोर पुरुषांच्या व्यासंगाचा विषय जवळजवळ नेहमीच रोग हा होता. शिकविणे ही त्यांची वृत्ती होती, परंतु तो त्यांच्या चौकशीचा विषय झाला नाही. डॉ. सखाराम अर्जुन यांचा मात्र अपवाद करावा लागेल. ज. जी. रुग्णालयात काम करीत असता आणि महाविद्यालयात शिकवीत असता त्यांनी गर्भविद्येसारख्या विषयांवर मराठीत ग्रंथ लिहिले. ज्याला इंग्रजी येत नाही त्याला हे शास्त्र कोणत्या शब्दांत सांगावे, हा प्रश्न त्यांनी शास्त्राइतक्याच गांभीर्याने घेतला. आजच्या परिभाषेत त्यालाच वैद्यक-शिक्षणातील व्यासंग म्हणावे लागेल.

किती वॉर्डांतून किती प्राध्यापकांनी शिकविण्याच्या किती युक्त्या शोधून काढल्या असतील! हृदयाच्या ठोक्यांतील सूक्ष्म फरक विद्यार्थ्याच्या कानाला कसा ओळखू यावा, भेदरलेल्या आईकडून मुलाच्या तापाची हकीकत कशी काढावी, मृत्यूची वार्ता नातेवाइकांना कशी सांगावी, या गोष्टी त्यांनी हातोटीने शिकविल्या. त्यांचे विद्यार्थी आजही त्यांच्या आठवणी सांगतात. परंतु ती हातोटी लिहून ठेवलेली नाही, कसोटीस लावलेली नाही आणि म्हणून इतरांना उपलब्ध नाही. ती त्या माणसाबरोबर निवृत्त झाली, आणि पुढे त्याच्याबरोबरच गेली. शस्त्रक्रियेच्या नव्या पद्धतीच्या बाबतीत असे झाले असते तर आपण तिला वैद्यकाची हानी म्हटले असते. अध्यापनाच्या बाबतीत ती हानी आहे हेच आपल्याला जाणवत नाही.

अमेरिकेतील कार्नेगी प्रतिष्ठानसाठी अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० साली लिहिलेल्या निबंधात या प्रश्नाला वाचा फोडली. नवे ज्ञान शोधणे एवढाच विद्वत्तेचा अर्थ नव्हे. विखुरलेल्या ज्ञानाची सांगड घालणे, ते उपयोगात आणणे आणि ते शिकविणे हेही विद्वत्तेचेच प्रकार आहेत, असे त्यांनी प्रतिपादिले. पुढे १९९७ साली चार्ल्स ग्लासिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी या सर्व प्रकारांना लागू पडतील अशा सहा कसोट्या सांगितल्या. उद्दिष्ट स्पष्ट आहे काय, पूर्वतयारी पुरेशी आहे काय, पद्धत योग्य आहे काय, फलित महत्त्वाचे आहे काय, मांडणी परिणामकारक आहे काय आणि स्वतःच्या कामाकडे टीकाकाराच्या दृष्टीने पाहिले आहे काय, अशा त्या आहेत. या कसोट्या वाचल्यावर कोणाही समंजस शिक्षकाला वाटेल की यात नवे ते काय? नवे एवढेच की, रोगावरील निबंधाला ज्या कसोट्या आपण लावतो त्याच आपल्या तासालाही लावावयाच्या आहेत.

अशा चौकशीतून काय निष्पन्न होते, याचे उदाहरण प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याच्या परिचयाचे आहे. पूर्वी अंतिम परीक्षेत विद्यार्थ्याला एक रुग्ण देत. कोणाच्या वाट्याला सोपा रुग्ण येई, कोणाच्या अवघड. परीक्षकाचा स्वभावही गुणांत उतरे. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डेन नावाच्या वैद्य-शिक्षकाला हा नशिबाचा खेळ खटकला. १९७५ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी एक नवी पद्धत प्रसिद्ध केली. तीत ठरावीक मिनिटांनी घंटा होते, विद्यार्थी एका टेबलाकडून दुसऱ्याकडे जातो आणि प्रत्येक ठिकाणी सर्वांना सारखेच काम व सारखीच मोजपट्टी असते. आपले विद्यार्थी जिला ‘ऑस्की’ म्हणतात ती हीच. एका शिक्षकाच्या अस्वस्थतेतून निघालेली ही चौकशी आज जगातील असंख्य परीक्षागृहांचा पाया बनली आहे.

मुंबईतही या दिशेने काही घडले आहे. भायखळ्याहून जवळच असलेल्या परळच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात २००५ साली फेमर या अमेरिकी प्रतिष्ठानाच्या साह्याने वैद्यकीय शिक्षकांसाठी प्रादेशिक केंद्र सुरू झाले. नोकरी सांभाळून करावयाच्या दोन वर्षांच्या या अभ्यासक्रमात प्रत्येक शिक्षकाने आपल्याच महाविद्यालयातील एखादा शैक्षणिक प्रश्न घेऊन प्रकल्प पार पाडावा, अशी योजना होती. येथे तयार झालेल्या शिक्षकांनी पुढे ठिकठिकाणच्या महाविद्यालयांत हे बीज नेले. २०१९ च्या तुकडीपासून देशभर क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. विद्यार्थ्याला काय माहीत आहे यापेक्षा त्याला काय करता येते यावर त्याचा भर आहे, आणि रुग्णाशी वागण्या-बोलण्याचेही त्यात रीतसर शिक्षण आहे. या अभ्यासक्रमाची जबाबदारी अखेर त्याच सकाळी नऊ वाजता तीन ठिकाणी असावे लागणाऱ्या शिक्षकावर पडली आहे.

वेळ कोठून आणावयाचा?

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. डॉक्टरांचा पहिला धर्म रुग्णसेवा. रांग वाढते आहे, पदे रिक्त राहतात, निवासी डॉक्टर थकलेले आहेत. अशा वेळी प्राध्यापकांनी प्रश्नावल्या वाटीत बसावे काय? हा प्रश्न रास्त आहे. परंतु त्यातच त्याचे उत्तरही आहे. आज शिकणारा विद्यार्थी उद्या याच रांगेपुढे बसणार आहे. देशात २०१४ साली एम. बी. बी. एस.च्या सुमारे ५१ हजार जागा होत्या. २०२३ पर्यंत त्या एक लाखाच्या वर गेल्या. जागा दुप्पट करता येतात, शिक्षक एका रात्रीत दुप्पट करता येत नाहीत. अशा वेळी आहे त्या शिक्षकाच्या प्रत्येक तासाचे चीज होते की नाही हे पाहणे ही चैन नव्हे. जो तास निष्फळ ठरला त्याची किंमत पुढे कधीतरी एखादा रुग्ण मोजीत असतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. शिक्षणविषयक संशोधन म्हणून आज जे प्रसिद्ध होते त्यातील बराच भाग पोकळ असतो, असे जाणकार म्हणतात. व्याख्यानाऐवजी चित्रफीत दाखविली, विद्यार्थ्यांना आवडली काय विचारले, बहुतेकांनी ‘हो’ म्हटले, निबंध तयार झाला! डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली उद्योगधंद्यांतील प्रशिक्षणाचे मूल्यमापन करण्यासाठी चार पायऱ्या सांगितल्या होत्या. शिकणाऱ्याला आवडले काय, तो शिकला काय, कामावर त्याचे वागणे बदलले काय आणि त्याचा कामाला लाभ झाला काय. आपले बहुतेक निबंध पहिल्या पायरीवरच बसकण मारतात. त्यातच बढतीसाठी प्रसिद्ध निबंधांची अट आल्यापासून पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे फावले आहे. हा दोष मान्य केलाच पाहिजे. परंतु तो व्यासंगाचा नसून व्यासंगाच्या अभावाचा दोष आहे. खोटी नाणी चालतात म्हणून टांकसाळ बंद करीत नाहीत.

मग व्यग्र शिक्षकाने करावे तरी काय? पहिली गोष्ट ही की, नवे काम अंगावर घेण्यापेक्षा जे काम करावेच लागते त्यालाच चौकशीचे रूप द्यावे. वॉर्डात दर काही आठवड्यांनी विद्यार्थ्यांची नवी तुकडी येते. विद्यार्थी रक्तदाब मोजताना त्याच त्या चुका करतात, हे प्राध्यापकाला दर तुकडीत खटकत असते. त्याने त्या चुकांची एक पानी यादी करावी. एका तुकडीला नेहमीप्रमाणे शिकवावे, पुढच्या तुकडीला ती यादी हातात देऊन आणि समोर करून दाखवून शिकवावे. दोन्ही तुकड्यांची परीक्षा सारख्याच मोजपट्टीने घ्यावी, आणि मोजणाऱ्याला कोणती तुकडी कोणती हे माहीत नसावे. महिन्याभराने पुन्हा पाहावे, कारण परीक्षेच्या दिवशी येणारे आणि वॉर्डात टिकणारे यांत अंतर असते. मागे राहिलेल्या तुकडीलाही शेवटी चांगली पद्धत शिकवावी. या सर्वांत वेगळा असा वेळ फारसा लागत नाही. लागते ती आधीची आखणी.

दुसरी गोष्ट, प्रश्न आपल्या वॉर्डातला असावा. परदेशी नियतकालिकांत गाजणाऱ्या प्रश्नांचे अनुकरण करण्याचे कारण नाही. भायखळ्याच्या वॉर्डात कोकणातून आलेली म्हातारी आपले दुखणे जे शब्द वापरून सांगते ते शब्द इंग्रजी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला कळत नाहीत. ‘जीव घाबरा होतो’, ‘अंगात कणकण आहे’, ‘पोटात कालवते’ या शब्दांचा अर्थ लावण्यात तो किती वेळा चुकतो आणि त्यामुळे निदान किती वेळा हुकते, याचा अभ्यास लंडनमध्ये बसून कोण करणार? तो येथेच झाला पाहिजे, आणि त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. सखाराम अर्जुन यांचे अपुरे कार्य पुढे नेण्याचा हा एक मार्ग आहे.

तिसरी गोष्ट, हे काम एकट्याने करू नये. प्रतिबंधक वैद्यकाच्या विभागात आकडेशास्त्र जाणणारे सहकारी असतात. निवासी डॉक्टरांत लिहिण्याची हौस असलेले एक-दोघे असतातच. ज्यांचा प्रश्न समान आहे असे परळचे, शीवचे, नायर रुग्णालयाचे शिक्षक शोधले तर आकडा मोठा होतो आणि निष्कर्षालाही वजन येते. आठवड्यातील एक ठरलेला तास लेखनासाठी राखला, तो कोणत्याही बैठकीला दिला नाही, तर वर्षाकाठी एक चांगला निबंध होण्यास अडचण नसावी. प्रश्न मनात आला त्याच दिवशी तो वहीत टिपून ठेवावा, हेही तितकेच महत्त्वाचे. व्यग्र माणसाचे विचार वेळेअभावी मरत नाहीत. ते बहुधा विसरले गेल्याने मरतात.

तुरुंगातील धडा

या ठिकाणी भायखळ्याचीच आणखी एक हकीकत आठवते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी याच महाविद्यालयातील लहानशा जागेत, अपुऱ्या माणसांनिशी लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती टोचण्यात आली आणि लस न घेतलेल्या कैद्यांशी त्यांची तुलना करण्यात आली. साधने तुटपुंजी असली तरी प्रश्न नेमका आणि तुलना चोख असेल तर काम होते, हा या घटनेचा एक धडा आहे.

दुसरा धडा आजच्या नजरेने पाहिल्यास दिसतो. कैद्याची ‘स्वेच्छा’ कितपत स्वेच्छा असते? तुरुंगाधिकाऱ्याच्या ताब्यात असलेला माणूस ‘नाही’ कसे म्हणणार? विद्यार्थी कैदी नसतो, हे खरे. परंतु ज्याच्या हातात त्याचे अंतर्गत गुण आहेत तोच प्राध्यापक जेव्हा ‘माझ्या अभ्यासात भाग घेशील काय’ असे विचारतो, तेव्हा विद्यार्थ्याचे ‘हो’ निर्भेळ असते असे म्हणता येणार नाही. म्हणून अध्यापनावरील संशोधनालाही नीतिसमितीची पूर्वपरवानगी हवी. संमती प्राध्यापकाने स्वतः न घेता तिऱ्हाइताने घ्यावी, नकाराचा गुणांवर परिणाम होणार नाही याची लेखी हमी असावी आणि विद्यार्थ्यांची नावे कोठेही उघड होऊ नयेत. हाफकिन यांनी पहिली लस स्वतःला टोचली. शिक्षकानेही पहिली कसोटी स्वतःच्याच तासाला लावावी, म्हणजे विद्यार्थ्याचा विश्वास त्याला मिळेल.

शासनाने काय करावे?

शिक्षकांना उपदेश करणे सोपे आहे. परंतु व्यवस्थेने आपला वाटा उचलला नाही तर हा उपदेश वांझ ठरेल. वैद्यकीय शिक्षण विभाग प्रत्येक महाविद्यालयात असतो. बऱ्याच ठिकाणी त्याचे अस्तित्व एका पाटीपुरते आणि तपासणीच्या दिवसापुरते असते. त्याला एक लिपिक द्यावा, आकडेशास्त्रज्ञाच्या वेळाचा काही भाग द्यावा आणि ग्रंथालयातील एक खोली द्यावी. नोंदी ठेवणारा, पत्रव्यवहार सांभाळणारा, फाइल नीतिसमितीपुढे वेळेवर नेणारा एक दक्ष लिपिक मिळाला, तर प्राध्यापकाचे कितीतरी तास वाचतात. संशोधनाच्या इतिहासात अशा माणसांची नावे येत नाहीत; परंतु त्यांच्यावाचून संशोधन होतही नाही.

दुसरे, ज्या शिक्षकाने आपला शैक्षणिक प्रकल्प मंजूर करून घेतला आहे त्याला आठवड्यातील अर्धा दिवस राखून द्यावा. पहिल्या वर्षी हे दोन-चार शिक्षकांपुरतेच करून पाहावे. वर्षअखेरीस त्यांनी काय केले याचा हिशेब सर्व सहकाऱ्यांपुढे मांडावा. काही केले नसेल तर सवलत काढून घ्यावी. राखीव वेळ हा हक्क नसून कर्ज आहे, ही जाणीव दोन्ही बाजूंना असली पाहिजे.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, बढतीच्या निकषांत निबंधांच्या संख्येपेक्षा कामाच्या गुणाला स्थान मिळाले पाहिजे. एखाद्या प्राध्यापिकेने तयार केलेली परीक्षापद्धती दुसऱ्या तीन महाविद्यालयांनी स्वीकारली असेल, एखाद्याने लिहिलेली मराठी संभाषणपुस्तिका दर वर्षी विद्यार्थी वापरीत असतील, तर तो व्यासंग आहे. तो कोठल्या तरी विकाऊ नियतकालिकातील चार पानांपेक्षा मोलाचा आहे. अर्थात, तोही इतरांच्या टीकेसाठी खुला असला पाहिजे. जे काम टीकेपुढे ठेवलेले नाही त्याला चांगले अध्यापन म्हणता येईल, व्यासंग म्हणता येणार नाही.

हे सारे वाचून एखादा वृद्ध प्राध्यापक म्हणेल, ‘आमच्या वेळी हे काही नव्हते, तरी आम्ही चांगले डॉक्टर घडविले.’ त्यांनी ते घडविले यात शंका नाही. परंतु किती घडले आणि किती बिघडले याची नोंद कोणी ठेवली नाही, हेही तितकेच खरे. औषधाच्या बाबतीत ‘आमच्या अनुभवास गुण येतो’ एवढ्यावर वैद्यकाने समाधान मानणे केव्हाच सोडून दिले. शिकविण्याच्या बाबतीत मात्र ते अजून त्याच शब्दावर विसंबून आहे.

ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या संस्थापकांनी एका फसलेल्या शाळेकडे पाहून ‘हे लोक शिकू शकत नाहीत’ असे म्हटले नाही. आपण शिकविले ते कोठे चुकले, असे त्यांनी विचारले. या एका प्रश्नातून मुंबईचे वैद्यकीय शिक्षण उभे राहिले. आज परीक्षेत विद्यार्थी चुकला की वॉर्डात सहज शब्द येतात, ‘ही पिढीच तशी!’ त्याऐवजी १८३० नंतरच्या त्या दशकातील प्रश्न पुन्हा विचारला जाईल, त्याचे उत्तर शोधले जाईल आणि ते लिहून ठेवले जाईल, तर बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्याचा लाभ होईल. त्याला निबंध, कसोट्या, बढत्या यांतले काही ठाऊक नसते. समोर बसलेल्या तरुण डॉक्टरला आपले बोलणे कळावे आणि त्याचा हात चुकू नये, एवढीच त्याची अपेक्षा असते. ती पुरी करण्याची जबाबदारी त्या तरुणाइतकीच त्याला शिकविणाऱ्यांवर आहे.